नागपुरात जॅझ आणि रॅप एका खोलीत : वस्तीतला संगीतगट कसा सुरू करायचा

नागपुरात गिटारचे क्लास गल्लोगल्ली आहेत. रॅप करणारी पोरं तर प्रत्येक वस्तीत आहेत. नाही ती एकच गोष्ट : या पोरांना आठवड्यातून एकदा, पैसे न भरता, एकमेकांसोबत वाजवता येईल अशी जागा. ती जागा तयार करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही संगीतशिक्षक असाल, स्वतः वाजवणारे कॉलेजचे विद्यार्थी असाल, किंवा सुरातालातलं फारसं न कळणारे पण वस्तीतल्या पोरांसाठी काही करावंसं वाटणारे असाल. या तिसऱ्या माणसाची गरज सगळ्यात जास्त पडते, कारण किल्ली, पाणी, पालकांचे फोन आणि वेळेवर दार उघडणं हे सगळं त्याच्याच गळ्यात येतं.

आधी मनातली एक अढी काढून टाका. जॅझ म्हणजे बड्या हॉटेलांतलं, सूटबूटवाल्यांचं संगीत, असं आपल्याकडे सर्रास मानतात. मुंबईत १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, हे खरं. पण ते संगीत तिथेच अडकून राहिलं नाही. गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात नेलं. सी. रामचंद्र यांनी शिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला सोबत घेतलं, आणि हेच सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले होते. म्हणजे तुमच्या आजोबांच्या आवडत्या गाण्यांत जॅझ आधीच शिरलेला आहे, आणि त्या वाटेवर नागपूरही लागतं.

रॅप ज्यातून आला त्या हिपहॉपची सुरुवात तर थेट आपल्या समाजभवनासारख्या खोलीत झाली. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या सामायिक खोलीत शाळा सुरू होण्याआधीची पार्टी होती. तिथे डीजे कूल हर्क याने दोन तबकड्या वापरून गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवत नेला. लोक त्या तुकड्यावर नाचले आणि पुढे त्यावर बोलू लागले. जॅझ आणि हिपहॉप यांचं नातं जुळायला नंतर फार वेळ लागला नाही. १९९१ मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाच्या अल्बममध्ये रॉन कार्टर हे जॅझमधले नावाजलेले बासवादक वाजवून गेले. २०१२ मध्ये पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परच्या अल्बममध्ये रॅपर आणि जॅझवाले शेजारी बसले, तर २०१५ मध्ये रॅपर केंड्रिक लामारच्या अल्बममध्ये कमासी वॉशिंग्टनने सॅक्सोफोन वाजवला. पोरांना ऐकवायला हे तीन अल्बम पुरेत. शंभर गाण्यांची यादी हातात दिली की कोणीच काही ऐकत नाही.

वस्तीच्या पातळीवर हे कसं चालतं ते पाहायचं असेल तर लंडनचं टुमॉरोज वॉरियर्स बघा. बासवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी ते १९९१ मध्ये सुरू केलं. होतकरू पोरांना तिथे फुकट शिकायला आणि एकत्र वाजवायला मिळतं. तिथे भेटलेल्या पोरांचा एझ्रा कलेक्टिव्ह हा बँड पुढे २०२३ मध्ये मर्क्युरी हा ब्रिटिश संगीत पुरस्कार जिंकणारा पहिला जॅझ बँड ठरला. त्यांच्या संगीतात जॅझ आहे, आफ्रिकी ठेका आहे, लंडनच्या रस्त्यावरचं संगीतही आहे. यातून आपण उचलायचं ते फुकट आणि नियमित असणं. बाकीचं आपलं आपल्याला घडवायचं आहे.

पोरं शोधा, पण तीन ठिकाणांहून

गट एकाच प्रकारच्या पोरांचा केला तर मिश्रण होणारच नाही. नागपुरात किमान तीन ठिकाणी जा.

पहिलं ठिकाण सदर आणि मोहननगरच्या बाजूची चर्चची गायकमंडळं. तिथल्या मुलामुलींना कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, कळतात, दोन-तीन आवाजांत एकत्र गाता येतं, काहींना पाश्चात्त्य नोटेशन वाचता येतं. दुसरं ठिकाण लग्नाच्या बँडपथकांचं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा युफोनियम हे जाड आवाजाचं पितळी वाद्य वाजवणारी ही पोरं वडिलांच्या किंवा काकांच्या सोबत तयार झालेली असतात. त्यांना कोणी कलाकार म्हणत नाही, पण गाणं एकदा ऐकून दुसऱ्यांदा वाजवणं त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि जॅझला नेमका तोच कान लागतो. बास गिटार नसेल तर युफोनियमवाल्याला खालच्या सुरांची ओळ द्या. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावरच्या पथकांत बासची ओळ ट्युबा हे मोठं पितळी वाद्यच वाजवतं, तेव्हा यात जुगाड काही नाही. तिसरं ठिकाण म्हणजे रॅपवाली पोरं : इंदोरा, जरीपटका, ताजबाग, महाल, कुठेही. मोबाइलवर बीट लावून फुटाळ्यावर बसलेली दिसतील. भीमगीतं, कव्वाली आणि घरातल्या बाया म्हणतात ती गाणी यांच्या कानावर लहानपणापासून पडलेली असतात. शब्दाला वजन कसं द्यायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

खंजिरीवाल्यांना विसरू नका. तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा असलेल्या घरातला मुलगा मिळाला तर त्याला पहिल्या दिवसापासून तालाच्या बाजूला बसवा.

मुलींसाठी वेगळा प्रयत्न लागतो. घरी जाऊन आईशी बोला, जागा दाखवा, सुटायची वेळ सांगा आणि ती पाळा. एका मुलीला बोलावण्यापेक्षा दोघी-तिघींना सोबत बोलावलं की त्या टिकतात.

कधी सुरू करायचं

याचं उत्तर पंचांगात आहे. आषाढी एकादशी झाली की लग्नांचे मुहूर्त थांबतात, ते तुळशीच्या लग्नापर्यंत. हे चार महिने बँडपथकातली पोरं मोकळी असतात. विदर्भात शाळाही तोवर सुरू झालेल्या असतात. म्हणून सुरुवात जुलैत करा. मधे गणपतीचे दिवस ढोल-ताशात जातील, ते आधीच गृहीत धरा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि बर्डीकडे बंदोबस्त असतो, त्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा. आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ खरा.

उन्हाळ्यात वाद्यांची काळजी वेगळी. बंद गाडीत गिटार ठेवली तर मान वाकते, सांधे सुटतात. कूलरच्या झोतासमोर तबला ठेवला तर ओलाव्याने पुडी उतरते. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करावाच लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात रेकॉर्डिंगचा बेत आखू नका.

जागा

समाजभवन, विहाराचं सभागृह, शाळेची खोली, ग्रंथालयाची वरची खोली, यांपैकी काहीही चालेल. मेट्रो स्टेशनपासून पायी जाता येईल अशी असली तर उत्तम, कारण सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात आणि कामठी रोडचा मुलगा व हिंगणा रोडची मुलगी दोघंही वेळेत घरी पोहोचतात. या खोल्यांचा ठरलेला दोष म्हणजे घुमणारा आवाज. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर टिनाचं छत असलं की ड्रमचा एक ठोका तीनदा ऐकू येतो. मंडप डेकोरेशनवाल्याकडून जुन्या सतरंज्या मागा, दोन भिंतींवर टांगा, एक ड्रमखाली अंथरा. फरक लगेच कानाला कळतो.

शेजाऱ्यांना पहिल्या तालमीच्या आधी भेटा, तक्रार आल्यावर नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक उघड्यावर लावता येत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या आसपासचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप ठेवा आणि खोलीच्या बाहेर उभं राहून मोजा. आकडा ढोबळ असतो, पण अंदाज येतो.

सामान

सामानावर फार वेळ घालवू नका. एक कीबोर्ड किंवा हार्मोनियम, एक कहोन, दोन माइक, एक छोटा स्पीकर. कहोन म्हणजे ज्यावर बसून वाजवतात ती लाकडी पेटी. साधी पेटी पाचेक हजारांच्या आत मिळते आणि पूर्ण ड्रमसेटपेक्षा शेजाऱ्यांना कितीतरी सुसह्य असते. ऑक्टोपॅड कोणाचा असेल तर आणू द्या. रेकॉर्डिंगला मोबाइलवर बँडलॅब हे अ‍ॅप फुकट आहे.

पहिल्या आठ शनिवारी काय करायचं

इथे घाई करू नका. सगळा गट या आठ शनिवारांवर उभा राहतो.

पहिल्या दिवशी वाद्यं पेटीतच राहू द्या. सगळ्यांना गोलात उभं करा. पायाने एक-दोन-तीन-चार, मिनिटाला ऐंशीच्या गतीने. आता टाळी फक्त दोन आणि चारवर. भजनात वाढलेल्या पोरांचा हात आपोआप एकवर पडतो, कारण आपल्याला समेची सवय आहे. दोन-चारवरची टाळी अंगात भिनायला दोन शनिवार लागतात, लागू द्या. जॅझ आणि हिपहॉप दोन्ही याच टाळीवर उभे आहेत.

मग झोल शिका. जॅझवाले त्याला स्विंग म्हणतात. तबलजीला सांगा, प्रत्येक मात्रा तिस्र जातीत, म्हणजे तीन समान भागांत, धर. सगळ्यांनी तोंडाने म्हणायचं : तकिट तकिट तकिट तकिट. आता ‘कि’ मनातल्या मनात म्हणा, बाहेर फक्त ‘त’ आणि ‘ट’ येऊ द्या. त–ट, त–ट, त–ट, त–ट. हाच स्विंग. लगेच त्याच गतीवर ‘तकधिमि’ म्हणा, चार समान भाग करून. हा झाला सरळ हिपहॉपचा ठेका. अर्ध्या खोलीने पहिलं म्हणावं, अर्ध्या खोलीने दुसरं, आणि दर चार ओळींनी अदलाबदल. डेट्रॉइटचा जे डिला हा बीट तयार करणारा या दोन्हींच्या मधोमध, किंचित रेंगाळत ठोके ठेवायचा. त्याची बीट ऐकवली की पोरांना ‘मधोमध’ म्हणजे काय ते कानाने कळतं.

तिसऱ्या शनिवारी सूर. बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला गाण्याचा साचा, हा सगळ्यांत सोपा दरवाजा. बार म्हणजे चार मात्रांचा गट. हार्मोनियमवाल्याला इंग्रजी अक्षरांत सांगायची गरज नाही. पांढरी एकला सा धरा. पहिल्या कॉर्डमध्ये सा, ग, प आणि कोमल नी. दुसऱ्यात म, ध, वरचा सा आणि कोमल ग. तिसऱ्यात प, शुद्ध नी, रे, म. आता क्रम : पहिली कॉर्ड चार बार, दुसरी दोन बार, पुन्हा पहिली दोन बार, मग तिसरी एक, दुसरी एक, पहिली एक, आणि वळायला तिसरी एक. झाले बारा. मात्रा एकूण अठ्ठेचाळीस, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. शास्त्रीय शिकलेल्या मुलीला एवढं सांगितलं की ती कधीच हरवत नाही.

यावर गायचं काय? धानी राग. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, एवढेच सूर. त्यात तीव्र मध्यम जाता-येता लावला की ब्लूजची सुरावट तयार. इथे एक प्रश्न हमखास येतो : कॉर्डमध्ये शुद्ध ग आहे आणि मी कोमल ग गाते, हे चुकलं ना? नाही. त्या दोन गांधारांची एकमेकांना लागणारी ठेच हाच ब्लूजचा जीव आहे. राग जोगमध्ये दोन्ही गांधार येतात, त्याची आठवण करून द्या, चेहरा लगेच सैल होतो.

पुढचे दोन शनिवार सवाल-जवाबाचे. एकजण चार बार वाजवतो, दुसरा चार बारांत उत्तर देतो. चार बार म्हणजे सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. क्लॅरिनेटने चार, रॅपरने चार, खंजिरीने चार. आमच्या भागात कव्वालीचे सामने ऐकलेल्या पोरांना हा खेळ सांगावाच लागत नाही, ती स्वतःहून पुढे सरकतात. नियम एकच ठेवा : समोरच्याने शेवटी जे वाजवलं त्यातला निदान एक तुकडा उचलून आपली सुरुवात करायची. त्याने ‘त–ट त–ट त’ असं संपवलं असेल तर रॅपरची पहिली ओळ त्याच वजनात पडली पाहिजे. या एका नियमाने पोरं ऐकायला शिकतात. स्वतःची पाळी येईपर्यंत मनातल्या मनात पाठ केलेलं घोकणारा मुलगा लगेच उघडा पडतो, आणि दोन आठवड्यांत सुधारतो.

हातवारेही याच सुमारास शिकवा. जॅझवाल्यांचे ठरलेले आहेत : डोक्याला हात लावला की मूळ चालीवर परत यायचं, चार बोटं दाखवली की चार-चार बारांचा सवाल-जवाब, मूठ वर केली की थांबायचं. मोठ्या आवाजात ओरडून सांगावं लागत नाही.

शेवटचे शनिवार एकाच गाण्याचे. रॅपर बोलायला लागला की बाकीच्यांनी मागे सरायचं, हे इथे शिकवायचं. फक्त बास आणि ताल खाली राहू द्या. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट दोन ओळींच्या मधल्या फटीतच बोलेल. बँडपथकातल्या पोराला रस्त्यावर, जनरेटरच्या आवाजावर वाजवायची सवय असते, त्याचा आवाज खोलीत मावत नाही. त्याला रागावू नका. भिंतीकडे तोंड करून वाजवायला सांगा, ट्रम्पेटच्या तोंडावर रुमाल सैल टांगा, आणि त्याच्याकडूनच हळू सुरांची गोडी काढून घ्या.

शब्द आपल्या तोंडचे

पोरं सुरुवातीला मुंबईच्या किंवा दिल्लीच्या रॅपरांसारखं बोलायला बघतात. त्यांना घरी बोलतात तसं लिहायला लावा. वऱ्हाडी आणि नागपुरी हिंदीचा आपला जो मिसळलेला बोल आहे, त्यात ‘करून राहिलो’, ‘वाजून राहिली’ अशा लांब शेपटीच्या क्रियापदांमुळे मात्रेत झुळझुळ अक्षरं मिळतात. उदाहरण म्हणून या दोन ओळी घ्या :

बर्डीवर / गर्दी / खिशात नाही / पैसा
डोक्यात बीट / वाजून राहिली / सांग थांबू / कैसा

तिरप्या रेघेने तोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक मात्रा. ‘गर्दी’ला दोन अक्षरं आहेत, तर त्याच जागी खालच्या ओळीत ‘वाजून राहिली’ची सहा. दुसरी ओळ त्यामुळे पळते, आणि ‘कैसा’वर येऊन थांबते. मुलांना फळ्यावर अशाच रेघा मारून स्वतःच्या ओळी मांडायला लावा. कुठे जास्त भरलंय, कुठे श्वासाला जागा नाही, ते त्यांनाच दिसतं.

शिव्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : राग येऊ द्या, पण कोणाच्या जातीवर, धर्मावर, आईबहिणीवर ओळ आली तर ती खोलीत म्हणायची नाही. हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावा आणि तो मोठ्या वादकांनाही लागू ठेवा.

दुसऱ्याचं संगीत उचलण्याआधी

एखाद्या जुन्या गाण्याचा दोन सेकंदांचा तुकडा कापून बीट करायची तर दोन परवानग्या लागतात : रचनेच्या हक्काची आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्काची. तुकडा लहान आहे म्हणून सूट मिळते, हा गैरसमज आहे. त्यापेक्षा आपलेच तुकडे तयार करा. युफोनियमची दोन बारांची ओळ, खंजिरीचा ठेका, आजीने म्हटलेली जात्यावरची ओवी. आजीला विचारून रेकॉर्ड करा आणि गाणं बाहेर आलं की तिचं नाव द्या.

पहिला कार्यक्रम

मोठ्या सभागृहाकडे डोळे लावू नका. वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह यांचं भाडं, ध्वनिव्यवस्था, गर्दी जमवणं हे सगळं नवख्या गटाच्या अंगावर येतं. पहिला कार्यक्रम तालमीच्याच खोलीत, पालक आणि शेजाऱ्यांसमोर करा. पस्तीस मिनिटं, चार गाणी, त्यातलं एक पूर्ण तिथल्या तिथे रचलेलं. पालकांना पुढच्या रांगेत बसवा. आपला मुलगा लग्नात ज्या क्लॅरिनेटवर नागीण वाजवतो, त्याच क्लॅरिनेटवर स्वतःची सुरावट वाजवतोय, हे बापाने एकदा पाहिलं की पुढची तालीम चुकवायला तोच मुलाला परवानगी देत नाही. नंतर वस्तीतली जयंती, गणेशोत्सव मंडळ, कॉलेजचं स्नेहसंमेलन असं पुढे सरका. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रालाही रेकॉर्डिंग जोडून पत्र द्या.

जबाबदारी आणि पैसा

अठरा वर्षांखालची मुलं येणार, म्हणून काही गोष्टींत सैलपणा चालत नाही. पालकांचं सहीचं संमतिपत्र घ्या. फोटो आणि व्हिडिओ टाकायची परवानगी वेगळी घ्या. खोलीत कायम दोन प्रौढ असले पाहिजेत, एक बाई असेल तर उत्तम. एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद दाराआड शिकवायचं नाही. लैंगिक छळाचा काही प्रकार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पहिल्या वर्षी संस्था नोंदवायच्या फंदात पडू नका. वस्तीतल्या दहा घरांनी महिन्याला थोडे-थोडे दिले तरी चहा, पाणी आणि तुटलेल्या तारा भागतात. हिशेबाची वही खोलीतच खिळ्याला टांगा, कोणीही उघडून पाहावी. सरकारी अनुदान किंवा कंपनीची मदत मागायची वेळ आली की मग सात जणांना घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. त्या सात जणांत गटात वाजवणारे, अठरा पूर्ण झालेले निदान दोघं असू द्या, आणि दुसऱ्या जुलैत नव्या पोरांची टाळी दोन-चारवर आणायचं काम त्यांच्याकडेच सोपवा.